वर्ननचा लायटर

सॅन डिएगोत, माजी सैनिकांच्या दवाखान्यात अर्मा नवऱ्याच्या एक्स-रेसाठी थांबली होती. पाठीमागे दोन म्हातारे बोलत होते.

"वर्नन? तू गेलास ना रे?"

"कोण म्हणालं, लॉइड?"

"जुन्या बाजारात तुझा लायटर मिळाला. तुझं नाव, आपलं दारूगोळ्याचं जहाज, व्हिएतनाम, सगळं कोरलेलं. म्हटलं, जिवंतपणी हा तो विकायचा नाही."

"सिगारेट सोडली, म्हणून विकला. आत्ताच डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत."

"आणि मी गाढव, चर्चमध्ये तुझ्या नावानं मेणबत्ती लावून आलो."

"कशानं पेटवलीस?"

"तुझ्याच लायटरनं."

"पेटला लगेच?"

"पहिल्याच झटक्यात."

"मग ठेव तुझ्याकडेच. खरंच गेलो की पुन्हा लाव."