फिरता आकडा

दातांच्या दवाखान्यात बेकरीवाला सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणी कुजबुजत होत्या. धाकटीचा नवरा दाढ काढून घ्यायला आत गेला होता आणि त्याचा फोन तिच्या मांडीवर होता.

"ताई, ह्यांनी फोनचं कुलूप बदललंय. मी मागून बघितलं. एक चार दोन आठ पाच सात. कुणाचा वाढदिवस असेल गं?"

"त्यांनाच विचार की."

"विचारलं. म्हणे, जादूचा आकडा आहे. दुप्पट करा, तिप्पट करा, तेच आकडे फिरून येतात. मला बनवतात!"

"थांब, करून बघते. गुणिले दोन... दोन आठ पाच सात एक चार. अगंबाई!"

"तिप्पट कर."

"चार दोन आठ पाच सात एक. नवा आकडा एकही नाही."

"सहापटीपर्यंत असंच चालतं म्हणे. सातपटीला सगळे नऊ."

बेकरीवाला ठणका विसरून जरा सरकून बसला.

"खरंच गं, नुसते नऊच नऊ! खरं बोलले बिचारे. तू उगाच संशय घेतेस."

"उगाच? सोफे शिवायचा धंदा ह्यांचा, पण कापड किती लागेल तेसुद्धा मला विचारून कापतात. ह्यांना हे शिकवलं कुणी?"

तेवढ्यात नवरा तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आला.

"अहो, तो आकडा कुणी सांगितला?"

त्याने घाईघाईने बोळ्याकडे बोट दाखवलं.

"असू दे. बसा इथे. बोळा निघेपर्यंत थांबते मी."

आतून बेकरीवाल्याला हाक आली.

"तुम्ही व्हा पुढे," तो मागच्या माणसाला म्हणाला, "मला काही घाई नाही."