थँक यू आणि रिकामी वाटी

हसाल तुम्ही, पण ‘थँक यू’ म्हणून मी एकदा घोळ केला. पत्नी गेल्यावर शेजारच्या शिवम्मा रोज आमटी आणून देत. दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच. एरवी त्या आमटी माझ्या भांड्यात ओतून वाटी लगेच नेत; एकदा ती राहिली, तेव्हा धुऊन परत देताना मी थँक यू म्हणालो आणि जुन्या खोडीने मूळही सांगितलं, “हा ‘थिंक’चा, म्हणजे विचार करण्याचा भाऊबंद. अर्थ असा, की तुमची आठवण ठेवीन. चुकतही असेन मी.”

त्यांचा चेहरा उतरला. “आठवण? म्हंजी उद्यापासनं येऊ नको म्हणताय, मास्तर?”

“छे, तसं नव्हे.”

“मग वाटी रिकामी का? आमच्यात रिकामी वाटी दिली की येणंजाणं संपलं. चिमूटभर साखर घाला की.”

मी घाईघाईने मूठभर घातली.

“आता उद्या येते,” त्या म्हणाल्या.

जाताना ‘येते’ असं मला म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.