समई कुणी सरकवली?

साल एकोणीसशे बासष्ट. महिना ज्येष्ठाचा. ऐकताय ना, मंडळी? मागच्या बाकावरचे, तुम्हीसुद्धा!

आधी एक प्रश्न विचारते. ज्याच्या मनात शंका आहे, त्याने देवळाची पायरी चढावी की नाही? माना डोलवू नका! उत्तर मनात ठेवा, आणि माझ्याबरोबर कोकणात चला.

गाव आंबेखोल. ग्रामदैवत रवळनाथ. त्याचा पुजारी भिवा गुरव, आणि भिवाची एकुलती एक लेक मथुरा. मॅट्रिक झाली – तीसुद्धा शास्त्र विषय घेऊन! कोल्हापूरच्या कॉलेजातून पत्र आलं : सोमवारी हजर व्हा. पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण गावात मानकरी असतात ना! तातू गावकर ओटीवर येऊन बसला. "भिवा, चेडवाक शहरात धाडतंस? आधी कौल लावन देवाक इचार. नको म्हणालो, तर मिरगाआधी लगीन!"

आता हा कौल म्हणजे काय? देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरवाने प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळा गाव श्वास रोखून बसतो! लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळं त्या दोन पाकळ्यांवर.

मथुरा लहानपणापासून हे बघत होती. आणि बघता बघता तिच्या डोक्यात किडा शिरला. पाकळी धरून ठेवतं ते पाणी. पाणी सुकलं की पाकळी पडणार. मग ज्या बाजूला समईची ऊब जास्त, तीच पाकळी आधी पडणार! यात देव कुठे आला?

शंका आली, इथवर ठीक. पुढे काय केलं पोरीने? कौलाच्या दिवशी सकाळी गाभारा झाडायला गेली, आणि समई हळूच उजवीकडे सरकवली! हसताय काय? तुमचं कॉलेज असतं तर तुम्ही गाभाराच उजवीकडे नेला असता!

गाव जमला. मथुरा बाहेर, खांबाला टेकून. आत भिवाने गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या चेडू शिकाक जातंय म्हणता. धाडूचा आसात तर उजवी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव गरजला.

पाकळी थरथरली... आणि पडली. उजवी!

तातूने कपाळाला हात लावला, पोरीच्या आईने डोळे पुसले. आणि मथुरा? पाकळ्या ओल्या होत्या तेव्हा, मंडळी, ही शंकेखोर पोरगी डोळे मिटून पुटपुटत होती, "देवा, उजवी दे, उजवी दे!" जो नाहीच असं म्हणायची, त्यालाच विनवत होती. आणि ज्याला विनवलं, त्यालाच फसवलं होतं. आता खरं उत्तर तिला कधीच कळणार नव्हतं.

दुपारी भिवा विहिरीवर पूजेची भांडी घासत होता. ती जवळ जाऊन बसली.

"बाबा... समई मी सरकवलंय."

भिवाने मान वर केली नाही. "ठावक आसा. कौलाआधी तेल घालताना मी ती परत मधी ठेवलंय."

"म्हणजे... तुमकाय ठावक होता? उबेचा?"

"तीस वर्सां पाकळ्यो लावतंय गो! माका कळाचा नाय?"

"मग तुमका शंका येणा नाय?"

भिवा हसला. "जेका शंका नाय, तो कौल लावीत कशाक? देवाक इचारूक येता तो शंका घेवनच येता. फक्त समई सरकवची नाय. इचारलास, तर उत्तर ऐकाची तयारी व्हयी."

"आणि डावी पडली असती तर?"

"तर देवाशी भांडलं असतंय. नि फाल्या सकाळी परत कौल लावलं असतंय! देव खय पळान जाता?"

पोरगी हसता हसता रडली.

सोमवारी ती कोल्हापुरात होती. पहिल्याच प्रयोगाच्या तासाला सर म्हणाले, "हवं ते उत्तर यावं म्हणून मापं हलवायची नाहीत." मथुराला हसू फुटलं. हा धडा तर विहिरीवर झाला होता! त्या रात्री तिने वहीत लिहिलं : पाकळी पाण्याने पडली की देवाने पाडली, मला माहीत नाही. पण बाबांनी समई मध्ये ठेवली, हे मला माहीत आहे. माझा विश्वास इथून सुरू.

पुढे काय झालं म्हणता? मथुरा सावंतवाडीत मुलींना पदार्थविज्ञान शिकवू लागली. चौतीस वर्षं शिकवलं. तातू गावकर आपल्या नातीचं बोट धरून तिच्या दारात आला – "हिका तुझ्यासारखी कर गो!" म्हणाला. भिवा शेवटपर्यंत कौल लावत राहिला. तो गेला तेव्हा गाभाऱ्यातल्या फरशीवर, अगदी मधोमध, समईच्या बुडाचा काळा गोल उमटलेला होता. मथुराने तो कुणाला घासू दिला नाही.

आता तुमच्याकडे वळते. मघाचा प्रश्न आठवतोय? शंका घेऊन या, खुशाल या, देवाच्या दारात तिला जागा आहे. पण मला खरं सांगा, मंडळी... आज इथे येताना, तुमच्यापैकी कोण कोण समई सरकवून आलंय?

जा. आधी ती मध्ये ठेवा. मग हात जोडा.