आमच्या ह्यांचा प्लेअर चार्ज होत नाही

—नाही नाही, वायर मी बदलून बघितली. तुम्ही दुरुस्तीवाले सगळे आधी वायरीवरच जाता, नाही का, डॉक्टर आधी जीभ दाखवा म्हणतात तसं. लेकीची इथे राहिलेली वायर लावली, शेजारणीच्या मोबाइलची लावली, स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावून झालं, बाहेरच्या खोलीतल्या बोर्डात लावून झालं. ते बारकं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा असं पुस्तकात लिहिलंय, मी वीसपर्यंत मोजले, म्हटलं होऊन जाऊ दे. छे. मुळात पिनच आत जात नाही, आता काय करणार. तर तुम्ही बघाच, पण जरा हात चालवून बघा भाऊ — आमचे हे समोरच्या सलूनमध्ये बसलेत, त्यांच्या आधी दोन गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यातल्या एकाला डोक्यावर कापण्यासारखं काही नाही. हे इथे यायच्या आत माझं काम व्हायला हवं. का म्हणजे काय, वस्तू त्यांची आहे. त्यांच्यासमोर उघडली तर शंभर प्रश्न विचारतील, तुम्हाला काम करू देणार नाहीत. तुमच्याच भल्यासाठी सांगते.

भिंग लावलंत ते बरं केलंत. मलाही द्या एक असलं. काय दिसतंय आत? पिवळं? मळ असेल हो, सारखा खिशात असतो, खिशात काय काय असतं माणसाच्या. कानातला मळ? काहीतरीच काय, चार्जिंगच्या भोकात कानातला मळ कसा जाईल. वास कशाला घेताय त्याचा — आता असं टक लावून बघू नका माझ्याकडे. मेण आहे ते. झालं समाधान? शिवणाचं मेण, दोऱ्याला लावतो ना आम्ही, दोरा गुंतू नये म्हणून, ते. एकतीस वर्षं कपडे शिवले मी लोकांचे, घरात मेण नसेल तर काय असेल. आणि ते तिथे गेलं कसं असं विचाराल, तर ते गेलं नाही, मी घातलं. काडीने. दाबून दाबून.

हसा, हसा. पण आधी ऐका, मग हसा. आमचे हे बसस्थानकावर होते, आवाजाच्या खोलीत. फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी अमुक मार्गे तमुक ठिकाणी जाईल — तो आवाज ह्यांचा. आख्ख्या गावाला तो आवाज पाठ. भाजीवाली मला म्हणायची, काकू, काय गोड बोलतात तुमचे मिस्टर, आणि मी मनात म्हणायची, तुझ्याशी बोलत असतील बाई. दिवसभर बोलून बोलून घरी आले की तोंडाला कुलूप. तेव्हा मला वाटायचं, ठीक आहे, दमतात, रिटायर झाले की बोलतील. आणि रिटायर झाले त्या दिवशी लेकीने काय आणून द्यावं, तर हा प्लेअर. बाबा, आता तुम्ही ऐकायचं, म्हणाली. झालं. सकाळी उठले की कानात वायरी, जेवताना कानात वायरी. मी विचारायचं, आमटीला मीठ बरोबर आहे का, आणि ह्यांनी मान हलवायची, ती मिठासाठी की गाण्यासाठी ते देवाला ठाऊक. पालथ्या घड्यावर पाणी. मग मीही सोडून दिलं आणि आपली आपल्याशीच बोलायला लागले. शिवता शिवता, भांडी घासताना, धाकट्या बहिणीशी फोनवर तर तासतासभर, हे समोर बसलेले असताना. ऐकू येत नाही म्हटल्यावर कसली भीती. काय काय बोलले असेन, तुम्हाला सांगता यायचं नाही.

निघालं का सगळं? कोपऱ्यात थोडं राहिलं असेल, चांगलं घट्ट बसवलंय मी. तर गेल्या शनिवारी हे अंघोळीला गेले आणि मी डाव साधला. आणि भाऊ, भीक नको पण कुत्रा आवर. पिन आत जात नाही म्हणाले, वायरी गुंडाळून कपाटावर ठेवल्या आणि बोलायला लागले. बसस्थानकाच्या आवाजात. दहा वाजता येणारी मोलकरीण आज पंचवीस मिनिटे उशिराने धावत आहे. ओट्यावरील दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे, संबंधितांनी लक्ष द्यावे. संबंधित म्हणजे मी. काल मी जिना चढून वर आले तर दारात उभे, फलाट क्रमांक एकवर सौभाग्यवतींचे आगमन होत आहे. समोरच्या बाई हसून हसून पायरीवर बसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण चार दिवस असं ऐकून बघा म्हणजे कळेल. म्हणून म्हटलं, आपणच केलंय, आपणच निस्तरावं. ह्यांना म्हणाले, तुम्ही केस कापून या, मी तेवढ्यात प्लेअर दाखवून येते.

एवढ्यासाठीच मेण घातलं का? म्हणजे काय? तुम्ही भाऊ अगदी मोजकं विचारता, पण नेमकं विचारता. नाही, एवढ्यासाठी नाही. आता सांगितलंच आहे एवढं तर — हे बघा, पर्समध्ये कागद आहे. वाचू नका, मीच सांगते. डोळ्यांचा कागद आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय, येत्या गुरुवारी ऑपरेशन. आज मंगळवार. तीन आठवडे हा कागद पर्समध्ये घेऊन हिंडतेय मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं असतं, अर्ध्या तासाचं काम, पण घरचं माणूस सोबत हवं, सही करायला आणि घरी न्यायला, त्याशिवाय आत घेणार नाही. लेक तिकडे परगावी, तिचा मुलगा चार महिन्यांचा, तिला काय बोलावू. बहिणीला सांगितलं तर ती माझ्याआधी रडेल. राहिलं कोण? आणि मला भीती वाटते भाऊ. डोळ्याला हात लावणार, म्हणजे काय. शिवणारणीचा डोळा आहे. म्हणून म्हटलं, निदान त्या वायरी कानातून काढतील, माझ्याकडे बघतील, मग सांगेन.

आणि वायरी काढल्या, बघितलंही. शनिवारीच विचारलं, काय गं, काही म्हणतेस का? आणि मी काय म्हणाले असेन? काही नाही म्हणाले. चार दिवस विचारतायत आणि चार दिवस मी काही नाही म्हणतेय. मग दोघांपैकी एकाने तर बोलायला हवं ना, म्हणून बिचारे दुधाची घोषणा करतात.

गेली पिन आत? बघा, झालं की. काय? दिवा लागत नाही? अहो पण मेण तर निघालं. मग आता आणखी काय. उघडताय? उघडा, पण पटापट, तो टकल्या उठला बघा खुर्चीतून. हे हिरवं हिरवं काय आहे? पाणी गेलंय? मेणाने असं होतं का? नाही ना, मग मी नाही केलेलं. ही बॅटरी एवढी फुगलेली असते का? मेलेली? कधी मेली? तुम्हाला अंदाज असेल ना काहीतरी. चार दिवसांची नाही म्हणता. आठवड्यांचीही नाही.

तुमच्या मशीनवर लावलात? लागला की दिवा. शेवटचं गाणं कधी वाजलं ते दाखवतो? वाचा तुम्हीच, मला ते अक्षर म्हणजे मुंग्या. वाचा ना. काय म्हणालात, सप्टेंबर? आता मे आहे भाऊ. तुमचं काहीतरी चुकतंय. सप्टेंबरमध्ये कसं — थांबा. सप्टेंबरात इमारतीची टाकी धुतली होती, आम्ही बादल्या भरून ठेवल्या होत्या, आणि ह्यांच्या खिशातून हा बादलीत पडला होता. आठवलं. पंच्याने पुसला, कानाला लावला आणि म्हणाले, चालतोय, चालतोय. मी स्वतः ऐकलंय, चालतोय म्हणाले. आणि रोज रात्री चार्जिंगला लावायचे, मी बघितलंय. दिवा लागायचा का? आता मला कुठे एवढासा दिवा दिसतो.

म्हणजे आठ महिने त्याच्यात गाणंच नव्हतं.

मग कानात वायरी घालून हा माणूस समोर बसून ऐकत काय होता?

स्टूल द्या जरा. नको, पाणी नको, स्टूल द्या. आठ महिने. अगबाई. बहिणीशी मी काय काय बोलले. दगडाशी संसार केला म्हणाले मी, भाऊ, दोनदा. ह्यांच्या घोरण्याची नक्कल केली, हे समोर बसलेले, मान हलवत होते. आणि मग सुया — हो, सुया. तुम्हाला सांगते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात एकदा दोरा ओवता येईना, पाऊण तास गेला, नेढंच दिसेना, तेव्हा मी रडले होते. मशीनवर डोकं ठेवून, एकटीच बोलत, आता माझं संपलं म्हणून. हे खिडकीत बसले होते वायरी घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सुया टोचायच्या उशीवर दहा सुया ओवलेल्या. पांढरा, काळा, लाल, सगळे रंग. मला वाटलं, मीच ओवल्या असतील रात्री आणि विसरले. नंतर रोजच. रोज सकाळी दहा सुया. मी इतकी घाबरले होते भाऊ, म्हटलं डोळे तर चालले, आता डोकंही चाललं. स्मरणशक्तीच्या गोळ्या आणल्या मी. सहा महिने गोळ्या खाल्ल्या.

आणि मला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? — मला विचारा ना, मीच सांगते. सांगितलं असतं तर मी त्या दिवसापासून गप्प झाले असते. समोर ऐकतायत म्हटलं की मी काही नाही, काही नाही, एवढंच म्हणते. छत्तीस वर्षं तेच म्हणत आले. हा माणूस आवाजाच्या खोलीत बसून बसून मुका झाला म्हणत होते मी, आणि इकडे माझंही तेच. आणि ते मेण, ते मेण कुणाचं हे ह्यांना कळलं नसेल होय? शिवणाचं मेण घरात दुसरं कोण वापरतं. कळलंच असणार. तरी निमूट वायरी गुंडाळून ठेवल्या.

नवी बॅटरी? नको, नको, थांबा. घालू नका. काही करू नका. ते झाकण लावा आधी, स्क्रू घट्ट करा. हो, मेलेलाच राहू दे. दुरुस्त झाला तर गाणी ऐकत बसतील. असं काय करता, तुमची मेहनत आहे तेवढी घ्या, मी कुठे नाही म्हणते, पण बॅटरी घालायची नाही. आणि एक ऐका, ते आले तर एक शब्द बोलायचा नाही. तसेही तुम्ही कुठे बोलता, पण चेहराही असा ठेवायचा नाही. सरळ करा बघू चेहरा. उठले तिकडे. अंग झटकतायत.

या, या. बरे कापलेत की केस, चार वर्षं कमी दिसतात. झाला हो प्लेअर, हे भाऊ हुशार आहेत, थोडा कचरा होता, काढला. घ्या. लावून बघा ना, इथेच लावून बघा, नंतर तक्रार नको. दोन्ही कानांत लावा. कसा आहे आवाज? मस्त? बघा, मी म्हटलं नव्हतं. बसा त्या बाकावर, ऐका निवांत, माझं भाऊंशी जरा बोलणं राहिलंय.

तर काय सांगत होते भाऊ. त्यांच्याकडे बघू नका, त्यांना ऐकू येत नाही, गाणं चालू आहे. माझ्याकडे बघा. मी म्हणत होते की माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, गुरुवारी, उजव्या डोळ्याचं. तीन आठवडे झाले, घरात सांगितलं नाही. भीती वाटते म्हणून सांगितलं नाही, दुसरं काही कारण नाही. सांगितलं की खरं होतं ना ते. सोबत माणूस लागतं, त्यांनी सही करायची, बाहेर बसायचं आणि मला धरून घरी आणायचं. कुणाला न्यावं याचा विचार करतेय. म्हणजे एक माणूस आहे, चांगला माणूस आहे, मी त्याला उगाच दगड म्हणाले, नव्हतं म्हणायला पाहिजे. हे चार दिवस तो बोलत होता ते मला फार आवडलं, आणि त्याआधी तो गप्प बसला होता तेही. पण त्याला विचारायचं कसं, तेच मला जमत नाही. तुम्ही काही बोलू नका भाऊ, मी आपली सांगतेय.

—काय? काय म्हणालात अहो? गुरुवारी किती वाजता?

आठ. सकाळी आठला.