धाब्यावर सालईचा धूप

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. आमच्याकडं पाऊस म्हणजे पाहुणा, येतो म्हणून कळवतो आणि परस्पर दुसऱ्याकडं जेवून जातो. बाप म्हणायचा, ढग बठ्ठा येतस, पानी काही येत नही. असल्या गावात माणूस शेती तरी काय करणार, मी ड्रायव्हरी शिकलो, जळगावला आलो आणि एका कॉलेजच्या जीपवर लागलो. पंच्याऐंशीच्या पुढची गोष्ट, साल नीट आठवत नाही.

कॉलेजात रसायन शिकवणारे एक सर होते. नाव राहू द्या, त्यांना आवडणार नाही. दर रविवारी त्यांना फैजपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात न्यायचं हे माझं काम. रस्त्यानं सर बोलत राहायचे आणि मी ऐकायचो, कारण जीपला रेडिओ नव्हता. ते म्हणायचे, भाऊ, उन्हात जंगल तापलं की झाडांचा वास सुटतो ना, तो वास वाया जात नाही, हवेत त्याचे कण होतात, डोळ्याला न दिसणारे, आणि वाफेला थेंब व्हायचं तर असा एखादा कण लागतो. मी म्हटलं, म्हणजे एसटीत सीट लागते तसं. हसले, म्हणाले तसंच. मग मी विचारलं, सर, कण जास्त झाले तर पाऊसही जास्त? म्हणाले, तसं नाही ना, सीटा फार झाल्या तर थेंब बारीक होतात, ढग नुसता पांढराशुभ्र, ऊन अडवतो पण बरसत नाही. म्हटलं, असले पांढरे आमच्याकडं दर निवडणुकीला येतात.

तर हवा ओढून कागदावर हे कण धरायचं एक यंत्र सरांनी पुण्याहून मागून आणलं, आणि जंगलाला लागून असलेलं घर म्हणून अक्काच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ठेवलं. अक्का एकटी म्हातारी, सत्तरीची. यंत्र गुपचूप ठेवलं असतं तर काय बिघडत होतं, पण संस्थेच्या अध्यक्षांना कळलं. मग मांडव आला, फीत आली, अध्यक्षांनी यंत्राला हार घातला, कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि माइकवर सांगून टाकलं, की हे यंत्र आता या भागात पाऊस आणणार. सर खाली मान घालून उभे. अक्का पहिल्या रांगेत, हात जोडून.

आम्ही रविवारी जायचो, कागद बदलायचो आणि चारच्या आत परत. काय सांगू तुम्हाला, तपासणीसाठी पुण्याला पाठवलेल्या कागदांत सालईच्या झाडाचा डिंक निघाला. सालई म्हणजे आमच्या सातपुड्याचं झाड, डिंक वासाचा, पावरा आदिवासी बाया बाजारात विकायला आणतात. सरांनी मला जिलबी खाऊ घातली. म्हणाले, भाऊ, जंगल बोललं. पुण्याचे मोठे लोक पाहायला येतो म्हणाले, त्यांना पटलं तर पुढची पाच वर्षं हेच काम. मास्तरकी करून असं काम मिळणं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

ते लोक यायच्या आधीच्या रविवारी जीपची क्लच केबल तुटली. दुरुस्तीला दिवेलागण झाली. सर धाब्यावर बसले होते, मी त्यांना बोलवायला वर गेलो, तर माझ्यामागून अक्का जिना चढून आली, हातात धुपाटणं. निखाऱ्यावर सालईचा डिंक टाकला आणि यंत्राभोवती ओवाळलं. सर म्हणाले, अक्का, हे रोज? ती म्हणाली, रोज नाही तं काय, साहेबानं नारळ फोडला, मंग देवाले उपाशी ठेवू का?

सरांनी चपला काढल्या आणि हात जोडले. तेव्हा मला कळलं की काहीतरी संपलं.

परत येताना मी म्हटलं, सर, पुण्याची माणसं दुपारी येतील, संध्याकाळी धाब्यावर कोण चढतंय. म्हणाले, कागद खरंच बोलला भाऊ, पण जंगलाबद्दल नाही, अक्काच्या धुपाबद्दल बोलला. आणि लोक आले तेव्हा सरांनी स्वतःच सगळं सांगितलं. भरीत-पुरी खाताना त्यांनी सरांच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक केलं, आणि पुढच्या महिन्यात यंत्र परत मागवलं.

ते उतरवताना अक्का विचारते, कुठी नेता रे बापा देवाले? माह्या हातून काही चुकलं का? सर म्हणाले, नाही अक्का, तुमच्याइतकी सेवा त्याची कोणी केलीच नाही. तिला पटलं की नाही देव जाणे. पुढं कधी तिकडून गेलो तर धाब्यावरची ती जागा झाडलेली असायची. अक्का गेली. सरांनी तो विषय परत काढला नाही, रिटायर झाले, नाशिकला मुलीकडं गेले. झाडांचं खरं होतं की नाही ते राहूनच गेलं. अध्यक्षांचा फीत कापतानाचा फोटो तेवढा कॉलेजात आहे, अजून.

मीही जीप सोडली. संध्याकाळी बायको धूप घालते, मी धुपाटणं उचलून अंगणात ठेवतो. ती म्हणते, देव घरमा शे, बाहेर कोनले दखाडतस? वारं असलं तर धूर शिंदखेड्याकडं वळतो. जाऊ दे. एखाद्या थेंबाला बसायला जागा झाली तर झाली.