पाशा मिस्त्रीचा जोड

पाशा मिस्त्रीनं आवळलेला जोड परत उघडायचा नाही. या गॅरेजचा नियम हाय, विजयसिंहकाका, तो तुम्ही मला नका सांगू, मी तो लहानपणापासून ऐकतेय. कावून उघडायचा नाही, ते विचारायचं नाही. अब्बांनी आवळला म्हणजे विषय संपला. आणि आज मी तो उघडला. हो, मीच. अब्बा चहाला गेलते तेव्हा. आता तुम्ही ओरडा, अब्बांना ओरडू द्या, सगळं पाटोदा गोळा होऊ द्या — पण आधी ही नळी हातात घ्या. घ्या ना! तेलच हाय, विंचू न्हाई. हे टोक बघा, हे फुलवलेलं. कडेवर नख फिरवा. अडकलं? अडकलं ना? ती चीर हाय. ब्रेकच्या नळीला चीर, आणि तुम्ही म्हणता वऱ्हाड ताटकळलंय, बसवून दे लवकर.

कळतंय हो मला. मुक्ताबाईंच्या पोराचं लग्न हाय, नवरदेव तुमच्याच काळीपिवळीत बसणार, फोन वाजतोय — वाजू द्या. कुठून जाणार तुम्ही? मांजरसुंब्याच्या घाटातनं. मग? काय म्हणालात — पॅडल कडक लागतंय? लागणारच की! गाडी उभी हाय, तुम्ही आरामात पाय ठेवलाय. भरलेली गाडी घेऊन उतारावर निघा, पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा येऊ द्या आणि मग दाबा कचकन. सगळा जोर या एवढ्याशा कडेवर येतो, काका. फाटली की तेल रस्त्यावर आणि पॅडल खाली फरशीला.

अब्बा, तुम्ही बसा. मी काकांशी बोलतेय. — बघा, अब्बांचा हात वाईट हाय असं मी म्हणतच न्हाई. हत्यार चुकीचं हाय. ते भिंतीवरचं दिसतंय, दोन पट्ट्या आणि वर स्क्रूचा शंकू? ते मुस्तकीमचाचांच्या फ्रिजच्या दुकानातनं आलंय. फ्रिजची नळी तांब्याची, मऊ — शंकू दाबला की फुलाच्या पाकळीसारखी उमलते, झालं काम. ही पोलादाची. हिला तसं एकदाच फुलवलं की कड ताणते, पातळ होते, चिरते. हिची कड दोनदा वळवावी लागते. आधी आत दुमडायची, मग त्यावर शंकू दाबायचा, म्हणजे कड दुहेरी होते. परकराच्या घेराला दुमड घालून शिवतात, तसं. त्याच्यासाठी हे मी संभाजीनगरहून आणलं. हे बघा, ही छोटी बटणं, प्रत्येक मापाच्या नळीला वेगळं. नळी पट्टीच्या बाहेर किती ठेवायची? या बटणाच्या पायरीएवढी, त्याच्यापेक्षा केसभर जास्त न्हाई. पट्टी अशी आवळायची की नळी मागं सरकली नाही पाहिजे. आणि हेक्सॉची करवत न्हाई वापरायची, कटरनं गोल कापायची, आतली खरखरीत कड घासून काढायची, आणि नट — नट आधी घालायचा, न्हाई तर सगळं सुंदर करून नट हातात राहतो. हसू नका, माझा राहिलाय.

अब्बा याला खेळणं म्हणतात. "कालेजात शिकवलेलं खेळणं." बरं, खेळणं तर खेळणं. आणि तुम्ही काय म्हणालात मघाशी, हळू, मला ऐकू गेलं — पोरीच्या जातीनं ब्रेकला हात लावावा का? मग ऐका आता. गेल्या दिवाळीपासून तुमच्या या गाडीच्या ब्रेकला कुणाचा हात लागतोय असं वाटतंय तुम्हाला? तेलगावला ऐन बाजारात म्हैस आडवी आली आणि गाडी जागेवर थांबली, तुम्ही पेढे घेऊन आलात, "पाशाभाई, काय ब्रेक बांधलाय" — तो मी बांधलता! अब्बा जेवायला गेले की मी रोज त्यांचे जोड उघडते आणि परत करते, कारण त्यांना चीर दिसतच न्हाई, उजव्या डोळ्यानं त्यांना आता —

अब्बा.

मला तसं म्हणायचं नव्हतं. अब्बा, इकडं बघा. काका, तुम्ही तिकडं तोंड करा जरा, काय बघताय त्यांच्याकडं? पडदा आलाय डोळ्यावर, मोतीबिंदू, निघतो तो, जगात सगळ्यांचा निघतो. बीडला ऑपरेशनची तारीख घेतली की हे म्हणतात, गिऱ्हाईकाला कळलं तर कोण गाडी लावील? तुमच्यासारख्यांच्या भीतीनं चाललंय हे, काका. मीही गप्प राहिले. रोज मागनं उघडून झाकत राहिले. आज अब्बा चहावरनं लवकर परत आले, म्हणून हे सगळं.

न्हाई, तशीच बसवणार न्हाई. अब्बा, तुम्ही सांगितलं तरी न्हाई. ही तुमच्या इज्जतीची गोष्ट न्हाई, नवरदेवाच्या गाडीत लेकरंबाळं बसणारेत. काका, हात काढा. दुसऱ्या गॅरेजला नेतो म्हणता? बिनब्रेकची कशी नेता, ढकलत? न्या. पण हे टोक घालून न्हाई जाणार ती — हे बघा, कटर लावला. एक फेरा. अजून एक. अब्बा, हात धरू नका माझा, धरायचाच तर नळी धरा.

पडलं. कापलं मी.

तासभर लागेल. वऱ्हाडाला फोन करा न्हाई तर नका करू.

  

बरं. उजेडातनं बाजूला व्हा दोघंही.