भिकाजीची गाडी घाटात उभी!

नाही, मी म्हणतो, उभीच राहायची होती तर डेपोत राहायची, सपाटीला राहायची, अगदी फोंड्याच्या बाजारात भर रस्त्यात राहिली असती तरी चाललं असतं... पण नाही! घाट चढायला लागली, खालचा गिअर पडला, मागे पॅसेंजर खुशीत, आणि गाडी... उभी! बरं, उभी म्हणजे कशी? टायर पंक्चर नाही, डिझेल संपलं नाही, क्लच गेला नाही. अख्खं जगच उभं! झाडं उभी, ढग उभे, समोरून येणारा ट्रक उभा, ट्रकमागून उडालेली धूळसुद्धा उभी! हसताय काय? कॉम्प्युटरवरची गाडी हो! गेम! तुम्हाला सांगतो, खऱ्या गाडीने आयुष्यात दिला नाही एवढा ताप मला या खोट्या गाडीने दिला.

आता माझा काय संबंध म्हणाल, तर मी लवू, रिटायर कंडक्टर. आणि गाडी भिकाजीची. भिकाजी म्हणजे माझा ड्रायव्हर. कणकवली-कोल्हापूर, फोंडाघाटमार्गे, उभा जन्म आम्ही एका गाडीवर काढला, तो पुढे, मी मागे. घरंसुद्धा आचऱ्याला शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक दगडी गडगा. म्हणजे रिटायर झालो तरी सुटका नाही! सकाळी दात घासायला बाहेर आलो की गडग्यापलीकडून तोच चेहरा!

गेम आणला सृष्टीने. सृष्टी भिकाजीची नात. बापाची बदली झाली, पोरगी पुण्याला निघाली, तर जाताना आपला कॉम्प्युटर आजोबांना ठेवून गेली, वर ते खेळातलं स्टेअरिंग, खाली पायाशी ब्रेक-ॲक्सिलरेटर, सगळं बसवून दिलं, आणि म्हणाली, "आबा, दर रविवारी दुपारी तुम्ही इकडून गाडी चालवायची, मी पुण्याहून पॅसेंजर होऊन बसणार!" कसं ते मला विचारू नका. तिकडे तिच्या कॉम्प्युटरवर तिला याची गाडी दिसते, खिडकीजवळची सीट दिसते, आणि फोन चालू ठेवला की बोलताही येतं. गेममधला घाट कुठल्या परदेशातला, दोन्ही बाजूंना बर्फ! पण भिकाजी त्याला फोंडाघाटच म्हणतो. बर्फातून गाडी काढतो आणि पोरीला सांगतो, "बाय, आता उजवीकडे दाजीपूरचा जंगल बघ हां!"

आणि मी हवाच! का? तर कंडक्टरने बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही! मी जेवून जरा आडवा होतोय तोच गडग्यावरून हाक, "लवू, येतंस मां? टाइम झालो!" मग मी जायचं, याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, आणि स्टीलच्या पेल्यावर चमच्याने टण्-टण्! डबल बेल! की निघाली गाडी. या वयात हे काम! पेन्शनवर!

पण खोटं कशाला बोलू, रविवारची ती दुपार म्हणजे भिकाजीचा सण. शनिवारी दाढी, रविवारी धुतलेला शर्ट. अहो, तिला तो दिसतसुद्धा नाही! तरी शर्ट!

आणि यंदा पावसाळा लागला आणि ही भानगड सुरू झाली. घाटात दर वेळी एकाच वळणाच्या आसपास गाडी... उभी! बंद करा, परत चालू करा, परत खालपासून घाट चढा, परत... उभी! एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला पोरगी फोनवर म्हणाली, रागाने नाही हो, अगदी समजूतदारपणे म्हणाली, ते जास्त लागलं... "आबा, सारखं अडकत असेल ना, तर राहू दे. पुढच्या रविवारी पण अडकलं तर मी आपली मैत्रिणीकडे, तेजस्वीकडे खेळायला जात जाईन. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ हं!"

हा म्हणाला, "व्हय बाय. जा गो, जा." फोन ठेवला आणि स्टेअरिंग धरून तसाच बसला. घाटात ब्रेक कमी लागत असताना ज्याने मागे वळून "तिकिटां झाली काय रे?" विचारलं, तो माणूस उभ्या गाडीचं स्टेअरिंग सोडेना. मला म्हणतो, "लवू, पॅसेंजर एकदा उतरलो काय परत चढणा नाय रे."

मग सुरू झाली धावपळ! पहिल्यांदा हा तांब्या घेऊन आला. "रेडिएटरात पाणी घालूया काय रे?" मी तांब्याच हिसकावून घेतला. मग नर्मदावयनी, म्हणजे याची बायको, मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि कॉम्प्युटरची दृष्ट काढली! खोलीभर ठसका, आम्ही दोघं खोकून अर्धमेले, आणि गाडी? उभी!

मग म्हटलं, चल कणकवलीला. तिथे चंदनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. रिक्षात कॉम्प्युटरची ती पेटी भिकाजीने चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली, तान्हं बाळ घरी नेतात तशी! प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला शिव्या, "मेल्या, हळू! गाडी चलवतंस काय नांगर?" दुकानात चंदनने पेटी जोडली, गेम लावला, आणि काय सांगू... सुसाट! वळण गेलं, घाट गेला, घाटमाथा आला! चंदन चष्मा पुसत म्हणतो, "काका, बेसिकली मशीन एकदम ओके आहे." आम्ही खूश. घरी आणलं, जोडलं, टण्-टण्... आणि गाडी? उभी!

मग चंदनला घरीच बोलावला. पाहुणा येणार म्हणून वयनींनी खोली झाडली, लोटली, आवरली, टेबलाखाली पेटीपुढे खारा वारा लागू नये म्हणून पडदा लावलेला, तोसुद्धा धुऊन लावला. चहा झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. चंदन खेळला, गाडी घाटमाथ्यावर! चंदनने भिकाजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका, राग मानू नका हं, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबत असणार."

कुणाला म्हणतोय? भिकाजीला! ज्याच्या गाडीला घाटात कधी ओरखडा नाही! चंदन बाहेर पडला तसा हा खोलीभर फिरतोय, "माका गाडी चलवूक येणा नाय, असा म्हणता तो! माका!" आणि दुपारी परत बसला तर गाडी... सांगायला हवं का?

मग काय, त्याची झोपच उडाली. म्हणतो, "लवू, दुकानात चलता, चंदनासमोर चलता, माझ्याच हातान कशी उभी रवता रे? माझो हातच वायट काय?" पुढचा रविवार उंबऱ्यावर आलेला!

आला रविवार. दाढी, धुतलेला शर्ट. फोन स्टुलावर, पोरगी सीटवर. मी पेला घेतला, खरंच सांगतो, टण्-टण् वाजवायचं तर तीन-चारदा वाजलं. निघाली गाडी. सपाटी गेली, पूल गेला, घाट लागला. वळण आलं. मी मनात वेतोबाला केळ्यांचा नवस बोललो. वळण... वळण... निम्मं वळण झालं आणि गाडी...

उभी.

फोनमधून आवाज, "आबा? अडकलं का?"

आणि हा माणूस, जो जन्मात डेपोतल्या कंट्रोलरशी खोटं बोलला नाही, तो म्हणतो, "नाय गो बाय... ती... म्हशी आडव्यो इल्यात."

"आबा, या गेममध्ये म्हशी नाहीत."

भिकाजीने स्टेअरिंग सोडलं. मला वाटलं, संपलं. पण सवय हो, उभ्या जन्माची सवय! गाडी घाटात उभी राहिली की ड्रायव्हर काय करतो? खाली उतरतो आणि बॉनेट उघडतो! इतके दिवस आम्ही पडद्यावरच्या गाडीकडे बघत होतो, खाली वाकून कोण बघतोय? हा उठला, गुडघे टेकले, टेबलाखालचा पडदा बाजूला केला, आत हात घातला आणि ओरडला, "आवशीक खाव! लवू, बॉनेट तापलो हा रे!" आणि हात बाहेर काढला तर हात लालभडक! म्हटलं, कापलं! आणि मग आला वास. आंबट.

तुम्हाला सांगतो, त्या पेटीवर, जिथून आतली गरम हवा बाहेर पडते ना, बरोब्बर त्या जाळीवर सूप! आणि सुपात सोलं! कोकमाची सोलं, रसाने चिकचिकीत, थर लावून पसरलेली!

"नर्मदेऽऽ! रेडिएटरार सोलां?"

वयनी पदर खोचूनच आल्या. "मगे खंय सुकवू? मे महिन्यातच पाऊस इलो, सोलां ओलीच रवली. चूल होती तेव्हा माळ्यार ठेवी, आता तुमचो गॅस! सगळ्या घरात ऊब कायती त्या पेटीर! तुम्ही गाडी चालू करूच्या आदी मी सूप ठेवतंय, खूप बरी सुकतत!"

"चंदन इल्लो तेव्हा खंय होता सूप?"

"पावणो येवचो तर घर आवरूचा नाय? काढून ठेवलंय! तो गेलो तसा परत ठेवलंय!"

"अगो, पण कोणासाठी ह्या येवढा?"

"कोणासाठी म्हणजे? तुमच्याच नातीसाठी! फोनार सांगल्यान ना, आजी, माका सोलां धाड म्हणान!"

आता बोला! आजोबा नातीसाठी गाडी चालवतो, आजी नातीसाठी गाडी बंद पाडते, आणि मध्ये कंडक्टर पेला वाजवतो!

आणि फोनमध्ये? फोन चालूच! पोरगी तिकडे पुण्यात अशी हसतेय, अशी हसतेय, की बोलताच येईना तिला. शेवटी म्हणाली, "आबा, थंड होऊ दे. मी थांबते. खरी गाडी अशी तापायची तेव्हा काय करायचात तुम्ही?"

झालं! भिकाजी जमिनीवरच बसला, लाल हात शर्टाला पुसले, आणि सुरू! वऱ्हाडाची गाडी तापली आणि नवरामुलगा करवंदं काढायला जाळीत शिरला, त्याच्या मुंडावळ्या काट्यात अडकल्या आणि सोडवायला अख्खं वऱ्हाड... पोरगी म्हणते, "मग? मग?" मी मधे म्हणालो, "भिकाजी, थंड झाली, चालू कर." तर ती ओरडली, "नाही! लवूआबा, थांबा ना! मग काय झालं?" त्या दिवशी पोरगी संध्याकाळपर्यंत उतरली नाही. याचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. मीच डोळे पुसले, मिरच्यांच्या निमित्ताने. मिरच्या तेव्हा नव्हत्या, तरी.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं! पुढचा रविवार. सोलं सुकून पुण्याला गेलेली, सूप खुंटीला. टण्-टण्! गाडी सुसाट! वळण गेलं, घाट गेला, घाटमाथा आला, ट्रिप पुरी. पोरगी म्हणाली, "पोचलो? आज तापली नाही?" आणि जरा थांबून, "बरं... मग मी जाऊ आबा?"

गेली! ट्रिप पुरी झाल्यावर पॅसेंजर उतरणारच ना हो! भिकाजी रिकाम्या सीटकडे बघत बसला. मी म्हटलं, "अरे शहाण्या, ब्रेक मार, वाटेत थांब आणि त्या वऱ्हाडासारख्या गजाली सांग!" तर माझ्यावरच डोळे वटारले. "पॅसेंजर आसताना घाटात उगाच गाडी उभी करूची नाय. नियम आसा!"

असा हा नियमाचा माणूस! मग उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, आणि हळूच विचारतो, "नर्मदा... सुकवूचा आणखी काय आसा काय गो?"

वयनींनी डब्यातून काढले पावसात नरम पडलेले सुके बांगडे!

आता दर रविवारी पेटीवर सूप, सुपात बांगडे, वळण आलं की गाडी उभी, पोरगी तिकडे टाळ्या वाजवते, "तापली, तापली!" हा करवंदांच्या जाळीत शिरतो, आणि मी नाकाला पंचा लावून मागे बसलेला. पुण्यात वास पोचत नाही ना! जन्मभर लोक मला विचारत आले, कंडक्टर, गाडी सुटणार कधी? आता मी विचारतो, वयनी, बांगडे सुकणार कधी?